वारंवार उसळणारा डोळा आणि मनावरचा ताण: काय पाहावं, काय लिहावं, कधी निघावं

मी वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरची थोडी कोरडवाहू शेती आहे, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. बाकी घर माझ्या शिलाई मशीनवर चालतं. माझ्या उजव्या डोळ्याला युव्हियायटिस आहे. डोळ्याच्या आतल्या रंगीत थराला सूज येते, औषधानं ओसरते, काही महिने बरे जातात आणि पुन्हा येते. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बाया डोळ्याकडे पाहतात आणि म्हणतात, "माय, तू लय टेन्शन घेतं, म्हणून तुया डोळा येते."

हे खरं का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला आहे, वाचलंही आहे, आणि माझ्या वहीतही शोधला आहे. ज्यांना असाच त्रास आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं आधीच सांगते: ताणानं डोळा उसळतो की नाही, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. पण ताणाच्या दिवसांत माणूस डोळ्याकडे उशिरा पाहतो, थेंब चुकवतो आणि दवाखाना पुढं ढकलतो, हे पक्कं आहे. म्हणून तयारी ताण येण्याआधी करून ठेवायची.

आधी डोळा नीट पाहा

आपल्याकडे डोळा लाल झाला की 'डोळे आले' म्हणतात आणि मेडिकलमधून कुठलाही ड्रॉप आणतात. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, बुलढाणा जिल्ह्यात तर फारच. अशा साथीत युव्हियायटिसचा डोळाही त्यातच मोजला जातो, आणि तिथंच दिवस वाया जातात.

साथीच्या डोळ्याला चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, खाज असते, बहुतेक वेळा एकामागून दुसरा डोळाही येतो. नजर मात्र साधारण ठीक असते. युव्हियायटिसमध्ये घाण येत नाही, नुसतं पाणी येतं. दुखणं आत खोल असतं, भुवईपर्यंत जातं. उजेड सहन होत नाही. लाली सगळीकडे सारखी नसते. बुबुळाच्या कडेनं जांभळट लाल वलय दिसतं. बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा बारीक वाटते, कधी वाकडीतिकडी. धूसर दिसतं.

घरी दोन गोष्टी करून पाहता येतात. पहिली: भिंतीवरच्या कॅलेंडरपासून रोज त्याच जागी उभं राहायचं, आधी एक डोळा तळव्यानं झाकायचा, मग दुसरा, आणि तारखेखालची बारीक अक्षरं वाचायची. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव झाकून टाकतो आणि आपल्याला कळतही नाही. मी जमिनीवर खडूची रेघच ओढून ठेवली आहे. दुसरी: दुखणारा डोळा हातानं पूर्ण झाकायचा आणि चांगल्या डोळ्यावर मोबाईलचा टॉर्च क्षणभर टाकायचा. झाकलेल्या डोळ्यात कळ उठली, तर ते साधं डोळे येणं समजू नका. एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात, आणि सुजलेल्या डोळ्यात ते आकसणंच दुखतं. टॉर्च क्षणभरच, पुन्हा पुन्हा नाही.

काहींची सूज डोळ्याच्या मागच्या भागात असते. त्यांना लाली नाही, दुखणं नाही. फक्त डोळ्यासमोर काळे ठिपके, जाळं, किंवा धूसरपणा. हा प्रकार जास्त फसवा आहे. लाल नाही म्हणून घरी बसू नका.

उसळला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी

खूणगाठ बांधा: दुखणं, उजेडाचा त्रास आणि धूसरपणा एकत्र आले, तर चोवीस तासांत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. गावातल्या साध्या डॉक्टरांकडे जाऊन थांबायचं नाही, कारण आतली सूज स्लिट लॅम्प नावाच्या मशीनवरच दिसते. त्यावर हनुवटी टेकवून बसलं की डॉक्टरांना बाहुलीपुढच्या पाण्यात तरंगणाऱ्या सूजेच्या पेशी दिसतात. आमच्या बाजूला सेवाग्राम आणि सावंगीचे मोठे दवाखाने आहेत, नागपूरला मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, यवतमाळलाही सरकारी मेडिकल कॉलेज आहे. बायांना एसटीत 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे 'गाडीभाडं नाही' ही अडचण तरी निम्मी झाली.

उशीर केला तर काय होतं तेही सांगते. बाहुलीची सुजलेली कड मागच्या भिंगाला चिकटते, खळ लावलेलं कापड अस्तराला धरून बसावं तशी. एकदा घट्ट चिकटली की सुटणं अवघड. पुढं डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज येऊ शकते. म्हणूनच डॉक्टर दोन प्रकारचे थेंब देतात: सूज उतरवणारं स्टेरॉइड, बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन, आणि बाहुली मोठी ठेवणारं होमॅट्रोपिन किंवा ॲट्रोपिन. दुसऱ्या थेंबानं जवळचं दिसत नाही. होमॅट्रोपिनचा परिणाम दोन-तीन दिवस राहतो, ॲट्रोपिनचा आठवडाभर किंवा त्याहून जास्त. सुईत दोरा ओवता येत नाही, काजं-बटणं राहतात. हे आधीच माहीत असलं की ऑर्डर घेतलेल्या बाईला तसं सांगता येतं. उन्हात काळा चष्मा लागतोच.

थेंबांचं नीट ऐका. प्रेडनिसोलोनच्या बाटलीत औषध तळाशी बसतं, म्हणून दर वेळी चांगली हलवायची. नाहीतर नुसतं पाणीच डोळ्यात जातं. एका वेळी एकच थेंब पुरतो. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं एक-दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. सुरुवातीला तासा-तासाला टाकायला सांगतात आणि मग हळूहळू कमी करत काही आठवडे चालतं. डोळा पांढरा दिसला म्हणून मधेच सोडलं तर सूज उलटून येते, आणि हे मी कितीतरी जणांचं पाहिलं आहे. आपल्या उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढं जातो. बाटली टिनाच्या छपराखाली किंवा खिडकीत ठेवू नका. माझी डबी माठाच्या खोलीत खालच्या फळीवर असते. उघडलेली बाटली महिन्यानं टाकून द्या, आणि उघडल्याची तारीख तिच्यावर पेनानं लिहा.

आता एक गोष्ट हात जोडून सांगते. मागच्या वेळचा उरलेला स्टेरॉइड ड्रॉप स्वतःहून टाकू नका, आणि शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नका. तुरीची काडी, पऱ्हाटीचं पान, सोयाबीनचं धसकट डोळ्याला लागलं की बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते. तिच्यावर स्टेरॉइड पडलं तर जखम भडकते आणि डोळा जाऊ शकतो. नागिणीच्या जातीच्या, म्हणजे हर्पिस विषाणूंचंही तसंच. तिथं विषाणूवरचं औषध आधी लागतं. लाल डोळा बाहेरून सारखाच दिसतो, आतलं कारण वेगळं असतं. मध, दूध, एरंडीचं तेल, पाल्याचा रस यातलं काहीही डोळ्यात घालू नका. फवारणीचं औषध उडालं तर स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि निघायचं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, हे आपण विसरू नये.

ताणाचं काय, ते खरं खरं

आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचा रस असतो. ताण आला की तो वाढतो, आणि तो मुळात सूज दाबणारा आहे. डोळ्यात टाकतो ते स्टेरॉइड त्याच्याच घराण्यातलं. मग ताणानं सूज कमीच व्हायला हवी, असं कुणी म्हणेल. पण ताण महिनोन्‌महिने चालला, की शरीरातल्या पेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात आणि सूजेला लगाम राहत नाही. झोप सतत तुटली तरी रक्तात सूजेच्या खुणा वाढतात. त्यामुळे संबंध असू शकतो, हे म्हणायला जागा आहे.

पुरावा मात्र दोन्हीकडचा आहे. 2018 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात युव्हियायटिस असलेल्यांना आणि नसलेल्यांना ताणाची एकच प्रश्नावली भरायला दिली. आजार असलेल्यांचा ताण जास्त निघाला. पण डोळा दुखतो, काम बंद पडतं, नजर जाईल अशी भीती असते, यानंही ताण वाढतोच ना? आधी कोण आलं, ते त्यातून कळत नाही. दुसरा अभ्यास 2000 सालचा, डोळ्याच्या हर्पिस विषाणूचा. हा आजारही पुन्हा पुन्हा उलटतो आणि लोक तोही ताणावर घालतात. तिथं 300 हून अधिक लोकांनी दर आठवड्याला आपला ताण लिहून दिला. वेळच्या वेळी लिहिलेल्या नोंदींत ताणाचा आणि डोळा उलटण्याचा संबंध सापडला नाही. ज्यांनी डोळा उलटल्यावर, मागाहून आठवून लिहिलं, त्यांनी मात्र ताण जास्त लिहिला.

हा दुसरा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. डोळा दुखायला लागला की आपण मागं वळून कारण शोधतो, आणि आपल्या घरात ताणाचं कारण कोणत्या आठवड्यात सापडत नाही? बँकेचं पीककर्ज, बचत गटाचा हप्ता, पोराची फी, गुलाबी बोंडअळी, कापसाचा भाव. शोधलं की मिळतंच.

आणि हेही ध्यानात ठेवा की ताणाच्या नावाखाली खरं कारण लपू नये. डोळा पुन्हा पुन्हा उसळत असेल तर डॉक्टर छातीचा एक्स-रे, टीबीची तपासणी, रक्ताच्या तपासण्या करायला सांगतात. आपल्या देशात टीबी हे यामागचं एक मोठं कारण आहे. काहींच्या अंगात एचएलए-बी27 नावाचा आनुवंशिक घटक असतो आणि त्यासोबत कण्याचा संधिवात. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास किंवा जास्त आखडलेली राहते, चाललं-फिरलं की मोकळी होते, आराम केला की उलट दुखते: ही त्याची खूण. मशीनवर बसणाऱ्या बाईची किंवा निंदण करणाऱ्या बाईची कंबर दुखते तर त्यात नवल काय, असं सगळे म्हणतात. म्हणून हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आपणहून सांगा. तोंडात वारंवार फोड येणं, अंगावर चट्टे, जुना खोकला, बारीक ताप, तेही सांगा. सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडलं नाही असंही पुष्कळदा होतं. त्यानं घाबरू नका. उपचार तेव्हाही होतात.

वही कशी लिहायची

पोरांची उरलेली शाळेची वही पुरे. झोपायच्या आधी दोन ओळी. डोळा बरा असतानाच सुरू करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. फक्त आजारपणात लिहिलं तर वर सांगितलेलीच गल्लत होते.

माझ्या वहीतलं एक पान असं आहे: "मंगळवार. झोप कमी, गणवेशाचं काम रात्री उशिरापर्यंत. ताण 3. उद्या गटाचा हप्ता, ह्यांची तब्येत नरम. डोळा ठीक, कॅलेंडर दोन्हीनं वाचलं. कंबर सकाळी आखडली, पाणी भरल्यावर मोकळी." दुसरं: "शनिवार. झोप चांगली. ताण 1. उजव्या डोळ्याला दिव्याचा त्रास. बारीक अक्षर धूसर. उद्या सकाळच्या गाडीनं जायचं." ही दुसरी नोंद पाहा. ताण नव्हता, तरी डोळा उसळला. असं पानही तितक्याच काळजीनं लिहायचं.

ताणाला 0 ते 3 असा आकडा द्या, त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी आठवून नाही. 0 म्हणजे मन निवांत, 3 म्हणजे काही सुचत नाही, जेवण जात नाही. किती थेंब चुकले तेही लिहा. सर्दी-ताप, बिडी-सिगारेट, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही. धूम्रपानाचा आणि युव्हियायटिसचा संबंध अभ्यासांत दिसला आहे, म्हणून घरातल्या पुरुषांनी ती ओळ गाळू नये. अक्षरओळख नसेल तर पोरीला सांगून लिहून घ्या, नाहीतर कॅलेंडरवर खुणा करा: डोळ्याला गोल, ताणाला रेघा.

सहा-आठ महिन्यांनी पानं चाळा. उसळण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत ताण खरंच जास्त होता का? आणि ताण जास्त असूनही डोळा शांत राहिला असे आठवडे किती? दोन्ही मोजा. माझ्या वहीत ताणापेक्षा तुटलेली झोप आणि चुकलेले थेंब जास्त ठळक दिसतात, आणि दोन्ही जूनमध्ये आणि दिवाळीच्या तोंडावर येतात. जूनमध्ये पेरणी आणि शाळेचे गणवेश एकदमच अंगावर पडतात. तुमच्या वहीत वेगळं दिसेल. संत्र्याच्या बागेवाल्याचं वेगळं, धानवाल्याचं वेगळं.

ताणाचा भार कसा हलका करायचा

'टेन्शन घेऊ नको' या सल्ल्यानं आजवर कुणाचं टेन्शन गेलेलं मी पाहिलं नाही. ज्या गोष्टी हातात आहेत तिथून सुरुवात करावी.

झोप पहिली. मी रात्रीचं मशीन बंद केलं आहे. गणवेशाच्या ऑर्डरी मे महिन्यातच घेते आणि एक तारीख ठरवून नंतर नाही म्हणते. त्यात थोडे पैसे हातचे जातात, पण डोळा उसळला तर अख्खा हंगामच जातो. दुसरी गोष्ट हप्त्याची. हप्ता चुकणार असेल तर गटाच्या अध्यक्षबाईला आधीच, एकटीला गाठून सांगायचं. वसुलीवाला दारात उभा राहिल्यावर होणारी धडधड वेगळी आणि आधी बोलून ठेवलेलं वेगळं. तिसरी गोष्ट, दवाखान्याचे पैसे. डब्यात वेगळे ठेवा: गाडीभाडं, केसपेपर, थेंब. त्याच डब्यात जुने कागद, काळा चष्मा आणि सोबत येणाऱ्या माणसाचा नंबर. बाहुली मोठी केल्यावर एकटीनं परतणं कठीण जातं, म्हणून सोबत कोण येणार ते पेरणीच्या आधीच ठरवा. माझी जाऊ येते. आमच्यात तसं बोलणं झालेलं आहे.

श्वासाचं म्हणाल तर, संध्याकाळी अंगणात बसून हळू श्वास सोडत राहिलं की छातीतली धडधड उतरते. मला बरं वाटतं म्हणून करते. त्यानं डोळ्याची सूज उतरते असं मी म्हणणार नाही आणि थेंबाच्या जागी तर कधीच करू नये.

स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर चिडचिड, झोप न लागणं, मन उदास होणं हे गोळ्यांमुळंही होतं. त्या सकाळी, जेवून घ्यायच्या, आणि मनानं बंद करायच्या नाहीत. एकदम सोडणं धोक्याचं असतं. साखर आणि बीपी असलेल्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावं.

ताण दोन आठवडे तसाच राहिला, कशात मन लागेना, जगण्यात राम नाही असं वाटू लागलं, तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांचं काम नाही आणि घरच्यांनी समजूत काढून भागणारंही नाही. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा नंबर आहे. फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं. आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबांच्या मनाच्या आरोग्यासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्पही आहे. आशाताईला विचारा, ती जिल्ह्याच्या दवाखान्यात कुठं जायचं ते सांगते. जीव द्यायचा विचार येत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवा आणि लगेच दवाखान्यात न्या.

घरच्यांसाठी

डोळा आला की 'तूच मनाला लावून घेतं' असं म्हणू नका. संबंध सिद्ध झालेला नसताना दोष मात्र पक्का देऊन टाकता. असं ऐकलं की बाई पुढच्या वेळी दुखणं लपवते. माणूसही लपवतो, तो तर जास्तच. त्यापेक्षा थेंबाच्या वेळा मोबाईलवर लावून द्या, चुलीचा धूर तिच्या वाट्याला येऊ देऊ नका, आणि पऱ्हाटी वेचायचा दिवस असला तरी दवाखान्याचा दिवस त्याच्या आधी ठेवा.

डॉक्टरांकडे वही नेताना सगळी वाचून दाखवायची गरज नाही. रांग मोठी असते. पहिल्या पानावर चारच गोष्टी लिहून ठेवा: याआधी कोणत्या महिन्यांत उसळला, कोणता डोळा, कोणते थेंब किती दिवस चालले, आणि सोबत अंगात दुसरं काय दुखत होतं. ताणाबद्दल विचारलं नाही तर आपणच सांगा, एका वाक्यात. आणि डोळा पांढरा झाला, दुखणं थांबलं, तरी पुढची तारीख चुकवू नका: आत थोडी सूज राहिलेली असू शकते, आणि स्टेरॉइडनं वाढलेला दाब दुखत नाही, तो मोजल्याशिवाय कळत नाही. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवा, पेरणीच्या आठवड्यात आली तरी.